हॉलला कोणता हिरवा? एव्हरग्रीन फॉग की क्लॅरी सेज

शाल्मली

दिवाळीआधी घराला रंग काढायचा आहे. बेडरूमचं ठरलं, स्वयंपाकघराचं सासूबाईंनी ठरवलं (फिकट क्रीम, चर्चा नको). अडलंय ते हॉलपाशी. शेर्विन-विल्यम्स या अमेरिकन रंगकंपनीचे दोन हिरवे डोक्यात आहेत: एव्हरग्रीन फॉग, एसडब्ल्यू ९१३०, आणि क्लॅरी सेज, एसडब्ल्यू ६१७८. नणंद अमेरिकेत असते, तिच्या घरी पहिला आहे. गणपतीत येताना तिने दोन्हींचे तुकडे आणले. छापील कार्ड नाही, खरा रंग लावलेले. तो डबा इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही हे माहीत आहे. दुकानदार म्हणतो, तुकडा द्या, मशीनवर जुळवून देतो.

घर नाशिकला गंगापूर रोडवर, चौथा मजला. हॉल १८ बाय १२, उंची साडेनऊ फूट. पश्चिमेच्या टोकाला गॅलरीचं मोठं सरकतं दार. उत्तरेच्या लांब भिंतीत एक खिडकी, तिच्यासमोर शेजारच्या सोसायटीची भिंत, तीही पिवळीधम्मक. पूर्वेच्या टोकाला जेवणाचं टेबल, तिथे उजेड कमीच. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड, दारं सागवानी, सोफा तपकिरी. भिंतींवर अजून बिल्डरचाच ऑफव्हाइट आहे.

तुकडे शेजारीशेजारी ठेवले की फरक दिसतो. एकेकटा हातात घेतला की कुठला कुठला तेच कळत नाही. नवऱ्याला तर दोन्ही एकच वाटतात. कोणी यातला एखादा लावलाय का?

तिरपागडा

नवऱ्याला दोन्ही एकच वाटतात म्हणजे निम्मा प्रश्न सुटला की! कुठलाही लावा, त्या बाजूने तक्रार येणार नाही.

खडूस_काका

पांढरा लावा. चाळीस वर्षं पांढऱ्यात राहतोय, कोणाची झोप उडाली नाही.

मिनू

एव्हरग्रीन फॉगच गं! नेटवर बघ किती घरं आहेत त्यात. एकदम शांत, हॉटेलसारखं वाटतं.

केमिकल_लोचा

मिनूताई, नेटवर त्याची घरं भरपूर दिसतात त्यालाही कारण आहे. २०२२ साठी शेर्विन-विल्यम्सने तोच 'वर्षाचा रंग' म्हणून निवडला होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी बेंजामिन मूरने ऑक्टोबर मिस्ट, बेहरने ब्रीझवे आणि पीपीजीने ऑलिव्ह स्प्रिग निवडला. सगळे हिरव्याच्याच गोतावळ्यातले. त्यामुळे तेव्हा रंगवलेल्या घरांच्या फोटोंचा पूर आला. त्या फोटोंवर फिल्टर किती चढलेत ते देव जाणे.

शाल्मलीताई, तुमच्या दोन शेड्समध्ये दोन वेगळे फरक आहेत, ते एकत्र कालवू नका.

पहिला, रंग किती गडद याचा. प्रत्येक शेडला एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो. पडलेल्या उजेडातला किती टक्के भिंत परत टाकते, तो. अगदी काळ्याला शून्य, अगदी पांढऱ्याला शंभर. एव्हरग्रीन फॉगचा ३०, क्लॅरी सेजचा ४१. अकराचा फरक किरकोळ वाटेल, पण हिशेब करा: त्याच खिडकीच्या त्याच उजेडात सेजची भिंत फॉगपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त उजेड खोलीत परत देते. तुमच्या जेवणाच्या टेबलाकडे हे चांगलंच जाणवेल.

दुसरा फरक झाकेचा. कंपनी स्क्रीनसाठी जे आकडे देते ते बघा. फॉग: लाल १४९, हिरवा १५१, निळा १३८. सेज: लाल १७२, हिरवा १७३, निळा १५१. दोन्हींत हिरवा हा लालाच्या जेमतेम एक-दोन पाऊल पुढे आहे! सगळी करामत निळ्याच्या कमतरतेची. फॉगमध्ये निळा हिरव्याच्या १३ ने मागे, सेजमध्ये २२ ने. निळा जितका मागे पडतो तितका पिवळा डोकं वर काढतो. म्हणून फॉग हा हिरवट राखाडी आणि सेज हा वाळलेल्या मेंदीच्या पाल्याकडे झुकणारा.

आणि इतके राखेरी रंग उजेडाच्या मर्जीवर चालतात. पोपटी कुठेही न्या, पोपटीच राहील. यांना जरा पिवळा उजेड मिळाला की खाकी, जरा निळा मिळाला की सिमेंट.

शाल्मली

बापरे, एकने पुढे? मग मला ते हिरवे का दिसतात?

केमिकल_लोचा

आजूबाजूमुळे. सागवानी दार तांबूस आहे, सोफा तपकिरी. तांबड्याशेजारी राखाडी ठेवला तरी डोळ्याला तो हिरवट भासतो. १८३९ साली शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने हे पद्धतशीर मांडलं. तो पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. तक्रार यायची की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं तर धागा ठीकच होता, शेजारचे रंग त्याला फिका पाडत होते. तुमची दारं पांढरी असती तर फॉग सरळ राखाडी दिसला असता.

चष्मिष

जरा विषयांतर. शाल्मली, अहोंना खरंच दोन्ही एकच दिसतात का, की कंटाळा आलाय? लाल-हिरव्यात गल्लत होणं पुरुषांत बरंच आढळतं, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे एक्स एकच. कित्येकांना आयुष्यभर पत्ताच लागत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांच्या चित्रांची साधी चाचणी असते.

शाल्मली

कंटाळा आलाय. साड्यांच्या दुकानात हाच माणूस रामा ग्रीन आणि मोरपंखी दुरून ओळखतो.

ब्रशवाला

ताई, मी सिडकोत राहतो, रंगकामाची कॉन्ट्रॅक्ट घेतो. एवढ्याशा तुकड्यावर हॉल ठरवू नका. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं आणि चार भिंती झाल्या की म्हणतं, हा तो रंग नाही. रंग तोच असतो. चारी भिंती समोरासमोर आल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग चढतो. कार्डावर बरा वाटला त्याच्यापेक्षा भिंतीवर नेहमी एक पायरी गडद धरा.

असं करा. दोन बाय दोनचे दोन जाड पुठ्ठे नाहीतर प्लायचे तुकडे घ्या. पांढरा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. एका हातावर निकाल देऊ नका, खालचा पांढरा डोकावतो. आणि ओला रंग बघून फोन करू नका! इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळल्यावर गडद होतं. दुसऱ्या दिवशी बघा. भिंतीवर डायरेक्ट पट्टे मारू नका, जुना ऑफव्हाइट शेजारी राहतो आणि नजर फसते. पुठ्ठा असला की हवा तिथे उचलून नेता येतो.

अजून एक. सॅम्पल त्याच मालात करा. मॅट लावायचं असेल तर सॅम्पलही मॅट. चमक असलेल्या मालात तीच शेड जास्त भरलेली दिसते, मॅटमध्ये जरा विरते. आणि पश्चिमेच्या दारातून आडवा उजेड येतो, तिथे चमकवाला माल मारला तर पुट्टीची प्रत्येक लाट दिसेल. मग शिव्या आम्हाला.

अक्षांश_रेखांश

नणंदेच्या घरावरून अंदाज बांधत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. अमेरिकन सल्ले 'उत्तरेची खोली', 'दक्षिणेची खोली' करत लिहिलेले असतात आणि ते बहुतेक ३५ ते ४५ अक्षांशांवरच्या घरांसाठी असतात. आपलं नाशिक २० वर. डिसेंबरात भर दुपारी न्यूयॉर्कला सूर्य क्षितिजापासून साधारण २६ अंश वर असतो, आपल्याकडे ४६-४७. तिकडे हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं. इकडे ते बरंचसं छज्जाच अडवतो. आणि मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत आपला दुपारचा सूर्य डोक्याच्याही जरा उत्तरेला असतो. म्हणजे तिकडची 'सदा थंड उजेडाची उत्तर' आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाही.

तुमच्या बाबतीत तर उत्तरेची खिडकी नावालाच उत्तरेची आहे. समोरच्या भिंतीची तुमच्याकडची बाजू दक्षिणमुखी, तिच्यावर पावसाळा संपला की दिवसभर ऊन. तो पिवळा उजेड तुमच्या हॉलात येणार. मला वाटतं सेजचं काही खरं नाही.

गोदाकाठची_अनू

वास्तूप्रमाणे उत्तर बुधाची आणि बुधाचा रंग हिरवा. त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला हिरवा चांगलाच.

खडूस_काका

बुधाला एलआरव्ही किती चालतो तेही विचारून घ्या.

वाडासंस्कृती

पंचवटीतल्या आमच्या वाड्याची दारं-खिडक्या पिढ्यान्‌पिढ्या हिरव्याच. तेलरंगाचे थरावर थर. आत्ता दुरुस्तीला काढली तेव्हा कोपऱ्यात खरवडलं तर तीन-चार हिरवे निघाले, सगळ्यात खालचा सगळ्यात सुंदर. त्याच्यासारखा रंग कोणी करून देईल का, हाच माझाही प्रश्न आहे.

केमिकल_लोचा

वाडासंस्कृती, थांबा! ती दारं कोरडी घासू नका. जुन्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या-हिरव्या छटांत, शिशाची संयुगं सर्रास असायची. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारे नियम २०१६ साली निघाले. त्याआधीचं काहीही असेल तर संशय धरा. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, भुकटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. रंग जुळवायला आधी नखाएवढा पोपडा अलगद काढून ठेवा. पण स्कॅनरला नखाएवढा पुरत नाही, सपाट आणि स्वच्छ असा रुपयाएवढा तरी तुकडा हवा.

द्राक्षमळा

हिरव्याचा विषय निघालाय म्हणून. पिंपळगावकडे आमच्या पंपघराच्या भिंती कोणीच रंगवल्या नाहीत तरी हिरवट-निळ्या आहेत. बोर्डो मिश्रणाची कृपा. एक टक्क्याचं करायचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. द्राक्षावरच्या डाऊनीसाठी, म्हणजे केवडा रोगासाठी फवारतो. टाकीतून उडून उडून भिंतीवर असा काही थर बसलाय की शहरातले पाहुणे विचारतात, कुठली शेड? ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे, एवढं लिहून पळतो.

तिरपागडा

शेड: केवडा गेला रे गेला, मॅट फिनिश.

शाल्मली

हसून हसून वाट लागली. बरं, ब्रशवाला दादा, तुम्ही सांगितलंत तसे पुठ्ठे केले. दुकानदाराने दोन्ही तुकडे स्कॅन करून एकेक लिटरचे डबे काढून दिले, मॅटमध्येच. जुळणी कितपत हे बघायला वाळलेल्या पुठ्ठ्यावर नणंदेचा तुकडा चिकटवला. फॉग जवळपास विरघळून गेला, कडा शोधावी लागते. सेज गॅलरीत उन्हात धरला तर जुळतो, पण ट्यूबखाली तुकडा वेगळा आणि पुठ्ठा वेगळा दिसतो. असं का?

दिवसभराची हकिगत. सकाळी गॅलरीचा उजेड मऊ असतो, तेव्हा दोन्ही छान. खरं सांगते, सकाळी सेज जास्त आवडला, ताजा वाटतो. दुपारी बाराच्या पुढे समोरची पिवळी भिंत पेटते. उत्तरेच्या खिडकीशेजारी सेजचा पुठ्ठा धरला तर तो चक्क मोहरीच्या पेंडीसारखा दिसायला लागला. फॉगने मात्र त्याच जागी आपला हिरवेपणा सोडला नाही, उलट थोडा उबदार झाला. संध्याकाळी पाचनंतर ऊन सरळ फरशीवर येतं आणि क्रीम फरशीचा उजेड भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. तेव्हा एकाच पुठ्ठ्याचा खालचा कोपरा पिवळट आणि वरचा हिरवा, हे मी हाताने झाकून झाकून बघितलं. सासूबाईपण बघत होत्या.

मधे एक दिवस दिवसभर भुरभुर पाऊस होता. त्या दिवशी फॉग जेवणाच्या टेबलाकडे नेला तर हिरवा उरलाच नाही, ओल्या प्लास्टरसारखा दिसला. सेज त्याच कोपऱ्यात बरा होता. म्हणजे उजेडाच्या बाजूला फॉग, अंधाराच्या बाजूला सेज, आणि हॉल एकच. आता?

केमिकल_लोचा

ट्यूबखाली फरक दिसतो त्याला मेटामेरिझम म्हणतात. तिकडच्या कंपनीने एका रंगद्रव्यांच्या जोडीने ती छटा साधली, इकडच्या मशीनने आपल्याकडच्या द्रव्यांनी. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, उजेड बदलला की पितळ उघडं पडतं. याचा तुम्हाला त्रास नाही, कारण भिंतीवर मूळ तुकडा लावून ठेवणार नाही आहात. इथून पुढे नणंदेचा तुकडा विसरा, पुठ्ठा हाच खरा.

घरात दिवे कुठले आहेत? बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे 'कूल डेलाइट' असतात, पांढरेफटक. त्यात फॉग आणखी निर्जीव होईल. ४००० चे घ्या, आणि खोक्यावर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो तो आकडा) ९० किंवा वर लिहिलेले बघून घ्या. ३००० चे पिवळे लावलेत तर सेजचं जे दुपारी झालं तेच रात्री होईल.

शाल्मली

६५०० चेच आहेत. बदलते. तसेही ते दोन लुकलुकतायत.

मिनू

मग दोघांच्या मधला करून घे की! फॉगच निम्म्या ताकदीने. दुकानदाराला सांग, टिंटर म्हणजे मशीनमधली रंगद्रव्यं अर्धी टाक.

ब्रशवाला

होतं तसं, बरेच जण करतात. पण अर्ध्या टिंटरने रंग बरोबर मधला येतोच असं नाही. बेसमधलं, म्हणजे ज्यात टिंटर टाकतात त्या मूळ डब्यातलं, पांढरं तेवढंच राहतं, त्यात काळा आणि पिवळा निम्मे झाले की झाक बदलते. आणि पुढे टचअपला फॉर्म्युला हवा असेल तर डब्यावरचं स्टिकर सांभाळा. गिऱ्हाईक नेमकं तेच फेकतं.

अक्षांश_रेखांश

मला विचाराल तर फॉग ठेवा आणि भिंती कमी करा. चारही भिंती त्याच रंगाच्या हव्यात असं कुठे लिहिलंय?

खडूस_काका

एक भिंत रंगीत नि तीन पांढऱ्या ही फॅशन पंधरा वर्षांपूर्वीच जुनी झाली. आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात टीव्हीमागे एक जांभळी भिंत होती.

अक्षांश_रेखांश

काका, जांभळी नि राखेरी हिरवी यांत फरक आहे. आणि मी एक म्हणत नाहीये. दक्षिणेची लांब भिंत पूर्ण, तिला उत्तरेची खिडकी समोरून आणि गॅलरी आडवी असे दोन्ही उजेड मिळतात. तीच वळवून गॅलरीच्या दाराभोवतीच्या भिंतीवर न्या. दारातून आत उजेड येतो तेव्हा त्या भिंतीचं तोंड सावलीत असतं. ती हलकी ठेवली तरी दाराशेजारी मळकीच दिसते. त्यापेक्षा ती गडदच शोभते. जेवणाकडची पूर्वेची आणि खिडकीची उत्तरेची, या दोन हलक्या ठेवा. उजेड तिकडून परत येईल.

शाल्मली

थांबा, निम्म्या ताकदीचा पण करून बघितला. मिनू, रागावू नकोस, पण सासूबाईंनी दारातून बघूनच विचारलं, "हा दवाखान्याचा रंग कुठून आणलास?" आणि तो खरंच तसा आला. फिकट, निळसर, दमलेला. वरून दुपारी पिवळ्या उजेडात तोही बिथरतो. तो बाद.

अक्षांश, तुमचं ऐकून फॉगचा पुठ्ठा दक्षिणेच्या भिंतीवर आणि मग गॅलरीशेजारी लावून पाहिला. दक्षिणेला मस्त. सागवानी दाराशेजारी तर मूळ तुकड्यात नव्हता इतका हिरवा भासतो. गॅलरीशेजारीही चांगला, फक्त संध्याकाळी त्याच्याकडे बघताना डोळे दिपतात, पण ते बाहेरच्या उन्हाने, रंगाने नाही. हलक्या दोन भिंतींना काय? क्रीम नको. क्रीम फरशी, पिवळी भिंत आणि वर क्रीम म्हणजे हॉलचा श्रीखंडाचा डबा होईल.

केमिकल_लोचा

पिवळट ऑफव्हाइट नकोच. थोडी राखाडी झाक असलेला पांढरा घ्या, एलआरव्ही ७५ च्या पुढचा. कॉम्प्युटर व्हाइट म्हणतात तसला निळसर मात्र टाळा, त्याच्याशेजारी फॉग मळका दिसेल. दुकानदाराकडून तीन-चार पांढरे कागदावर ओढून घ्या आणि फॉगच्या पुठ्ठ्याला चिकटवून बघा. नुसता पांढरा हातात धरून काही कळत नाही.

गोदाकाठची_अनू

म्हणजे उत्तरेला हिरवा नाहीच?

शाल्मली

अनू, उत्तरेच्या खिडकीत तुळशीची कुंडी ठेवते. चालेल ना?

गोदाकाठची_अनू

चालेल की. उलट चांगलं.

ब्रशवाला

ताई, माल किती घेणार? हिशेब करून देतो. दक्षिणेची भिंत १८ बाय साडेनऊ म्हणजे १७१ चौरस फूट. गॅलरीकडची १२ बाय साडेनऊ ११४, त्यातून सरकतं दार साधारण साठ-बासष्ट वजा. धरा सव्वादोनशे. चांगलं इमल्शन दोन हातांना एका लिटरमध्ये १२० ते १४० जातं, भिंत गुळगुळीत असेल तर. म्हणजे दोन लिटरच्या आतबाहेर. सुटे दोन घेऊ नका, ऐनवेळी कमी पडलं आणि नंतर एक लिटर काढला की शेड एक बोट इकडेतिकडे होते, भिंतीच्या मधोमध दिसते. चारचा एक डबा घ्या, उरेल तो टचअपला. पांढऱ्या दोन भिंती, खिडकी वजा जाता, अडीचशेच्या घरात, त्यालाही चारचाच.

आणि आधी पश्चिमेची भिंत तपासा. गॅलरीच्या बाजूने पावसाचा मारा असतो. नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला किंवा पांढरा खार फुटलेला दिसला तर ओल आहे. ती बाहेरून बंद झाल्याशिवाय रंग मारू नका, गडद शेडवर खार पिठासारखा उठून दिसतो. पाऊस पूर्ण उघडला की आठ-पंधरा दिवस भिंतीला ऊन खाऊ द्या. दसऱ्यानंतर काम धरलंत तरी दिवाळीआधी आरामात होतं.

शाल्मली

दादा, वाजवलं. दाराच्या डाव्या बाजूला खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पॅच बद्द वाजतोय. सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलंय, बाहेरून भेग भरून देतो म्हणालेत. रविवार कारंज्याकडे जाऊन पांढऱ्यांचे कागद आणलेत. उद्या फॉगला लावून बघते. दुकानदाराला बजावून ठेवलंय की फॉर्म्युला पुठ्ठ्याच्याच डब्याचा, पुन्हा स्कॅन करायचा नाही.

नवऱ्याचं म्हणणं, हिरवा लावणारच असशील तर सोफ्याचं कापडही बदलू. मी शांतपणे स्वयंपाकघरात गेले.

तिरपागडा

बघा, म्हटलं नव्हतं, तक्रार येणार नाही म्हणून? नवा खर्च येईल म्हटलं नव्हतं, तेवढं माफ करा.

मिनू

छताला काय?

ब्रशवाला

छत साधा पांढरा, मॅट. छताला रंग चढवायचा नाही, साडेनऊ फुटांत छत डोक्यावर येतं. आणि पांढऱ्याची पट्टी भिंतीवर दोन इंच खाली ओढू नका, ती जुनी पद्धत. कटिंग सरळ कोपऱ्यात.

नाशिकरोडकर_नवा

नमस्कार, धागा आत्ताच वाचला, फार उपयोगी. आमचा हॉल उत्तरमुखी, फरशी काळी कडप्पा, पडदे मरून, दिवे पिवळे. यातला कोणता हिरवा लावू?

केमिकल_लोचा

आधी दोन पुठ्ठे रंगवा. मग नवा धागा काढा.